तोफा काढलेली बोट

तुमच्या आजोबांचं आणि माझं शेवटचं बोलणं प्लॅस्टिकच्या पाइपांबद्दल झालं. हॉस्पिटलात त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, "काढल्या का गं त्या?" मी म्हटलं, "नाही अजून." त्यांनी मास्क पुन्हा लावून घेतला... दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. इतक्या वर्षांच्या संसाराचा शेवट असा व्हावा, याचा मला संताप येतो. इथे सगळे सांगतात, दिवसकार्य झालं, आता राग धरू नका. मी धरणार आहे. केतन, मीरा, तुम्हाला तिकडे फोनवर "छातीत कफ झाला" एवढंच कळलं. बाकीचं मी लिहिते. इंग्रजी शिकले, जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण रागावता मला मराठीतच येतं. तुमची आई वाचून दाखवेल.

आजोबा गोदीत ड्राफ्ट्समन होते. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांच्या बोटींचे जिने आणि पाइप कागदावर काढले. निवृत्तीनंतर आम्ही गिरगाव सोडून भाईंदरला, इंद्रलोक वसाहतीत आलो, आणि इथे ते स्वतःच्या बोटी काढू लागले, ज्या जगात कधी झाल्याच नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर बड्या देशांनी मोठ्या तोफांच्या युद्धनौका कमी करायचा करार केला. तेव्हा काही अर्धवट बांधलेल्या नौकांना तोफा न बसवता वर सपाट डेक टाकला आणि विमानवाहू जहाजं केली. हा खरा इतिहास. आजोबांचा प्रश्न पुढचा होता: भंगारात गेलेल्या बाकीच्या नौकांचंही तसंच केलं असतं तर? मीरा, तू एका सुट्टीत त्यांना विचारलं होतंस, "आजोबा, ही कुठल्या लढाईत होती?" ते म्हणाले, "कुठल्याच नाही. ही झालीच नाही." "मग करता कशाला?" "झाली असती तर कशी झाली असती, ते बघायला."

तोफा काढून टाकायच्या, त्यात काय मोठंसं, असं मलाही वाटे. पण तोफा गेल्या की बोटीचं वजन घटतं, ती पाण्यात वर येते, आणि त्यात डोक्यावर विमानांची कोठारं आणि डेक चढवला की ती डुलायला लागते. म्हणून आजोबांनी तिला दोन्ही कुशींना फुगवटे दिले. मधल्या धुराड्याचा धूर उतरणाऱ्या वैमानिकाच्या डोळ्यांत जातो, म्हणून धुराडं वाकवून उजव्या कडेला नेलं. त्या एका धुराड्यात अख्खा उन्हाळा गेला. शेवटी प्लायवूडची, माणसाच्या उंचीएवढी लांब प्रतिकृती उभी राहिली. तिचा डेक इतका स्वच्छ की मी त्यावरून हात फिरवला, तर म्हणाले, "बघ, कुठे अडखळतो का?"

गेल्या गणपतीत सोसायटीच्या मंडळाचा अध्यक्ष, आमच्या खालच्या मजल्यावरचा मंगेश, बोट मागायला आला. "काका, यंदा देखावा तुमच्या बोटीचा. एकदम हटके!" आजोबा हरखले. मंडळाच्या मुलांनी बोट खाली नेली, निळं कापड पसरून समुद्र केला, मागे मूर्ती बसवली. सकाळी आरतीला आम्ही उतरलो, तर डेकवर काळ्या रंगाच्या पाइपांच्या तोफा! ओळीने, स्क्रू मारून, आरपार भोकं पाडून. आजोबांनी वाकून एक भोक चाचपलं. मग म्हणाले, "मंगेश, अरे, विमान उतरणार कुठे?"

"विमान कुठाय काका? आणि तोफा नाहीत तर युद्धनौका वाटतच नव्हती. पब्लिक बोलली असती, ही काय मालगाडी ठेवलीय?"

"काढ त्या."

"आता प्राणप्रतिष्ठा झालीय. डेकोरेशनला हात नको, अपशकुन होतो."

तेव्हा तुमच्या आजोबांनी काय करावं? मंडपाच्या तोंडाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले. विसर्जनापर्यंत. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "तोफा माझ्या नव्हेत." एक पुढारी उद्घाटनाला आले. "क्या तोप है, काका! दुश्मन घाबरेल!" आजोबा म्हणाले, "साहेब, तोफा काढूनच तर ही बोट केलीय." "अहो, मग काढल्या कशाला?" आणि सगळा मंडप हसला. मंडपाच्या कडेने पावसाचं पाणी गळत होतं, आजोबांना खोकला लागला होता. मी शाल घेऊन खाली गेले. "अहो, आता वर चला." तर म्हणाले, "अगं, आत्ता ती पेणकरपाड्याची मंडळी येतायत. त्यांना कोण सांगणार?" मला त्यांचाही राग आहे. अंगात ताप, आणि हा माणूस न झालेल्या बोटीची बाजू मांडत बसला होता. विसर्जनाच्या मिरवणुकीचे ढोल वाजत असताना आम्ही त्यांना रिक्षात घातलं.

ते गेल्यावर गेटवर फ्लेक्स लागला. त्यांचा फोटो, मागे तोफांसकट बोट, आणि खाली 'माजी नौसैनिक यांस भावपूर्ण श्रद्धांजली'. जन्मभर टेबलापाशी बसून पेन्सिल चालवलेला माणूस नौसैनिक झाला! शोकसभेत मंगेशने जाहीर केलं की बोट काचेच्या पेटीत घालून गेटपाशी कायमची ठेवायची, काकांची आठवण म्हणून. टाळ्या पडल्या. मी उभी राहिले.

"तोफांसकट?"

"काकू, आम्ही मानानेच लावल्यात. तोफांशिवाय लोकांना कळणार कसं?"

"लोकांना कळावं म्हणूनच ते पावसात बसले होते. स्क्रू ड्रायव्हर आण."

"आत्ता? काकू, भाषणं चाललीत..."

"आत्ता."

त्याने आणला. भाषणं थांबली. मंगेश गुडघ्यांवर बसून एकेक पाइप उपटत होता आणि सोसायटी बघत होती. कुणीतरी म्हणालं, "बाईंना धक्का बसलाय." बसू दे. बोट मी त्याच पोरांकडून वर आणवली.

ती आता हॉलमधल्या दिवाणावर आहे, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांना चटईवर बसावं लागतं. परवा मंगेश आला. भोकं लांबी भरून बुजवून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. चटईवर टेकल्यावर डेक बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर आला. बराच वेळ तो तिकडे बघत राहिला.

"काकू... इथून बघितलं की उतरायची जागा दिसते."

"हेच ते सांगत होते."

मी चहा दिला. तो संपल्यावर रिकामा कप ठेवायला त्याने इकडेतिकडे पाहिलं. समोर एवढी सपाट, मोकळी जागा. त्याचा हात तिकडे गेला... आणि अर्ध्यावर थांबला. मी उठून घेईपर्यंत कप त्याने हातातच धरून ठेवला.