आमचं स्पॉन्सर केलेलं बाळ

ट्रंक एक्स्चेंजमधल्या आम्ही जुन्या बायका कुठेही भेटलो, लग्नात म्हणा, भाजीबाजारात म्हणा, की पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "उषा, तुझ्या भाच्याचं सांग ना गं!" सगळ्यांना सगळं पाठ आहे. तरी सांगायचं! आणि दर वेळी सांगताना एकीला काहीतरी नवीन आठवतं. त्यामुळे या पोराच्या गोष्टी त्याच्यापेक्षा जोरात वाढल्या.

मी तेव्हा जळगावला ऑपरेटर होते. डोक्याला हेडफोन, समोर बोर्ड, हातात प्लगच्या दोऱ्या. माझ्या शेजारच्या खुर्चीवर शमीम. आमच्या बोर्डावरून केळीचे भाव जायचे, मयताचे निरोप जायचे, लग्नं जमायची आणि मोडायची. त्यातच आमच्या नलूचं बाळ आलं.

* * *

नलू माझी धाकटी बहीण. तिचा नवरा सुधाकरराव इंजिनियर. त्यांना कॅनडाचे कायमचे राहायचे कागद मिळाले आणि दिवाळीनंतर ते पुढे गेले. नलू मागाहून गेली, तेव्हा तिला सहावा लागलेला होता. घरच्यांना वाटलं, बरं झालं, तिकडचे दवाखाने चांगले!

दवाखाने चांगलेच होते. पण तिथे सरकारचं एक कार्ड असतं. ते असलं की उपचार फुकट. नसलं तर बाळंतपणाच्या बिलात आमच्या गावी, चोपड्याला, घर बांधून व्हावं! आणि नवीन आलेल्या माणसाचं कार्ड लगेच सुरू होत नाही, काही महिने थांबावं लागतं. सुधाकररावांचं झालं होतं, नलूचं बाकी. कार्ड आधी येतं की बाळ, अशी शर्यत लागली.

आमची आई म्हणजे अक्का. चोपड्याहून खास फोनसाठी जळगावला आली. आमच्या घरमालकांचा फोन होता, त्यावर कॉल लागला. सुधाकरराव बिचारे तिकडून नियम समजावून सांगताहेत, अक्का कपाळाला आठ्या घालून ऐकतेय. शेवटी तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि आपल्या अहिराणीत ओरडली, "अवं जावईबापू, नलूले आठे धाडी द्या! आठे जलम लेवाले कार्ड लागत नही!"

पंधरवड्यात नलू 'आठे', म्हणजे इथे, जळगावात.

* * *

बाळ झालं ते भर दुपारी. मुलगा! मी प्रसूतिगृहाच्या फोनवरून आमच्याच एक्स्चेंजला फोन लावला. बोर्डावर शमीम होती. म्हटलं, "शमीम, कॅनडा लाव. लाइटनिंग!"

लाइटनिंग म्हणजे सगळ्यात तातडीचा कॉल. तेव्हा परदेशचा कॉल मुंबईमार्गे जायचा. त्या दिवशी लाइन अशी खराब, की मला नुसती खरखर. शमीमला मुंबईची ऑपरेटर ऐकू येत होती. मुंबईच्या बाईंना कॅनडाची गोरी ऑपरेटर ऐकू येत होती. आणि त्या गोरीला सुधाकरराव! मग काय, निरोप पायरीपायरीने सरकला. मी ओरडले, "मुलगा झाला, दोघं सुखरूप!" शमीमने मुंबईला सांगितलं. मुंबईने गोरीला इंग्रजीत सांगितलं. गोरीने सुधाकररावांना सांगितलं असणार.

मग कुणीच काही बोलेना. नुसती खरखर. मला वाटलं, लाइन तुटली.

तेवढ्यात मुंबईच्या बाईंचा अगदी ऑफिसातला आवाज शमीमच्या कानात आला, "जळगाव, तुमची पार्टी रडतेय. कॉल एक्स्टेंड करू का?"

* * *

बारसं झालं, निखिल नाव ठेवलं. त्यानंतर सुधाकररावांचा फोन आला, तो मात्र वेगळा होता. त्यांनी चौकशी केली होती. आईबाप कॅनडात राहणारे असले तरी बाळ भारतात जन्मलेलं. त्याला आपोआप जाता येणार नाही. बापाने त्याला स्पॉन्सर करायचं, मग पासपोर्ट, डॉक्टरी तपासणी, मग दिल्लीहून व्हिसा. आणि नलू सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिली, तर तिचाच तिथे राहायचा हक्क धोक्यात! म्हणजे दिवाळीच्या आत बाळाचे कागद झाले पाहिजेत.

आमच्या वडिलांना, आबांना, स्पॉन्सर हा शब्द माहीत होता. गावच्या कबड्डीच्या सामन्यांना केळीचे एक व्यापारी स्पॉन्सर असायचे.

"म्हणजे बापानं सरकारला लिहून द्यायचं, की मी माझं पोरगं सांभाळीन?" आबांनी विचारलं.

"हो आबा."

"अन् नाही लिहून दिलं, तर काय तो शेजाऱ्याचं सांभाळणार आहे?"

आबा उठून पाळण्यापाशी गेले. मग मला बाजूला बोलावून हळूच म्हणाले, "उषा, एक विचार. स्पॉन्सरचं नाव खेळाडूच्या बनियनवर छापतात. याच्या झबल्यावर जावईबापूंचं नाव आत्ताच शिवायचं, का व्हिसा आल्यावर?"

* * *

पासपोर्टला फोटो हवा. शमीमच्या अब्बांचा जळगावात फोटो स्टुडिओ होता. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चाचांनी नियम सांगितले. डोळे उघडे पाहिजेत. चेहरा सरळ. मागे पांढरा पडदा. धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. आणि चेहऱ्यावर काही डाग नको.

अक्काने गालावर रुपयाएवढी तीट लावून आणली होती!

"अक्का, हे पुसावं लागेल," चाचा म्हणाले.

"पुसू? बठ्ठी कॅनडा त्याले देखी! नजर लागनी मंग?"

अख्खी कॅनडा म्हणे! खूप समजावल्यावर तीट तळपायाला हलवली. मग निखिल झोपला. उठवला तर रडला. रडायचा थांबला तर उचकी लागली. चाचांनी खुळखुळा वाजवला, शिट्टी वाजवली, बोकडाचा आवाज काढला. बोकडावर मात्र पोराने दोन्ही डोळे असे टक्क उघडले, की चाचांनी खटका दाबला. फोटो इतका सुरेख आला, की त्यांनी एक मोठी कॉपी काढून रस्त्याकडच्या शोकेसमध्ये, नवरानवरीच्या फोटोंच्या बरोबर मध्ये लावली.

दुसऱ्या दिवशी शमीम हसत हसत ड्यूटीवर आली. सकाळी दुकान उघडताना अब्बांनी बघितलं, तर शोकेसच्या काचेवर, बरोबर निखिलच्या गालावर, बाहेरून काजळाचा ठिपका!

"अब्बांनी पुसला?" मी विचारलं.

"पुसतात कशाला? मला म्हणाले, पोरगा मोठा होईपर्यंत ती काच कोणी धुवायची नाही!"

* * *

मग पासपोर्टची पोलीस चौकशी. एक हवालदार घरी आले. भला माणूस. उन्हातून आलेला. पाणी प्याले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "अर्जदाराला बोलवा."

नलूने पाळण्याची दोरी ओढून दाखवली.

हवालदारांनी वाकून बघितलं. अर्जदार मूठ चोखत होते. "आता आलोय तर विचारावं लागेल," ते म्हणाले. "अर्जदारावर कुठे गुन्हा?"

"नाही."

"कोणत्या पक्षाचं, संघटनेचं काम?"

"अजून तरी नाही."

"अर्जदार याआधी परदेशी गेला होता का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण अक्का खोटं कशी बोलू देईल! आतून लाटणं हातात घेऊन आली आणि म्हणाली, "गया व्हता! कॅनडाले! हिना पोटमा!"

हवालदारांनी पेनाला टोपण लावलं. "आजी," ते म्हणाले, "हे लिहिलं तर मला नोकरीत ठेवणार नाहीत."

* * *

डॉक्टरी तपासणी मुंबईला, कॅनडावाल्यांनी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच. नलू, बाळ, आबा आणि मी, असे गेलो. वेटिंग रूम भरलेली. परदेशी निघालेली तरणी पोरं, कोट घालून, घामाघूम. तिथल्या मदतनीस बाईंनी सगळ्यांना एकेक बाटली दिली, तशी निखिललाही दिली. लघवी तपासायला!

आता त्याला सांगणार कसं? नलूने दूध पाजलं. वाट बघितली. पाणी पाजलं. वाट बघितली. एरवी माझी प्रत्येक साडी भिजवणारा पोरगा, त्या दिवशी कोरडा ठणठणीत! नलू शूऽऽ करून दमली. मग शेजारचा कोटवाला पोरगा लाजत लाजत शूऽऽ करायला लागला. त्याच्या शेजारचा लागला. बघता बघता अख्खी वेटिंग रूम एका सुरात शूऽऽऽ! कुणीतरी कोपऱ्यातला नळ सोडला.

निखिल गाढ झोपला.

आबा मात्र एकदम उठले, धोतर सावरलं आणि त्या मदतनीस बाईंना म्हणाले, "बाई, संडास कुठं आहे? पोराला येईल तेव्हा येईल, मला आली!"

* * *

सगळं दिल्लीला पोचलं आणि मग शांतता. नवरात्र आलं. दसरा झाला. कॅनडाच्या विमानाचं नलूचं तिकीट जवळ आलं आणि बाळाचा व्हिसा नाही. सुधाकरराव फोनवर दबक्या आवाजात म्हणाले, "नलू, तू एकटी ये. निखिलला अक्कांजवळ ठेव. मी येऊन घेऊन जाईन."

नलू रिसीव्हर ठेवून बाळाला छातीशी धरून बसून राहिली. दोन दिवस जेवली नाही धड. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, अक्काला तर हेच हवं असणार. सकाळी डोळा उघडल्यापासून नातू तिच्या मांडीवर. त्याला तेल लावायला दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू देत नव्हती ती.

तिसऱ्या दिवशी अक्काने नलूसमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "मी सांभाळसू त्याले. माले जड नही. पन मंग तो मना व्हई जाई. तू तिकीट दोन्हीसनं काढ."

तो माझाच होऊन जाईल, एवढं सांगून ती उठून अंगणात गेली. बराच वेळ आत आली नाही.

मी एक्स्चेंजमध्ये शमीमला हे सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आबांच्या नावाने रोज सकाळी दिल्लीचा कॉल बुक व्हायला लागला. शमीम तिथल्या व्हिसाच्या ऑफिसात विचारायची. चार दिवसांत तिथल्या बाबूला तिचा आवाज ओळखीचा झाला. "गुड मॉर्निंग, जळगाव..." एवढं म्हटलं की तो म्हणायचा, "नहीं आया, मॅडम."

आणि एका सकाळी तो म्हणाला, "मॅडम, आ गया! आज पोस्ट कर रहे हैं!"

शमीम किंचाळून खुर्चीवरून उठली. हेडफोन डोक्याला, दोऱ्या हातात, तशीच! तिच्या ओढीने दोन-तीन प्लग खटाखट निघाले. त्यातला एक रावेरच्या केळी व्यापाऱ्याचा. मोठा सौदा चालला होता त्याचा. मी घाईघाईने प्लग लावला तर तो ओरडत होता, "हॅलो! हॅलो! आला का? आला का?"

शमीम माझ्या खांद्यावरून ओरडली, "आला! निखिलचा व्हिसा आला!"

तो म्हणाला, "बरं झालं, अभिनंदन. पण केळीला भाव काय आला?"

* * *

नलू निघाली. जळगाव स्टेशनवर आमची निम्मी शिफ्ट आली होती. चाचा कॅमेरा घेऊन आले होते. अक्का मात्र रडली नाही, कारण ती कामात होती. आदल्या दिवशी तिला कळलं होतं, की निखिलही तिकडे नवीनच, त्यामुळे त्याचं दवाखान्याचं कार्डही लगेच सुरू होईलच याची खात्री नाही. तेव्हापासून तिने बांधाबांध काढली होती. वेखंड, हळकुंड, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग, काय काय. बाळगुटीचं सगळं सामान, वेगवेगळ्या फडक्यांत गाठी मारून. आणि ते उगाळायला दगडी सहाण! नलू म्हणाली, वजन होईल. अक्का म्हणाली, मंग तुन्या साड्या काढ. साड्या निघाल्या, सहाण गेली.

टोरोंटोच्या विमानतळावर काय झालं, ते नलूने पोचल्यावर फोनवर सांगितलं. रिसीव्हरला मी आणि अक्का दोघी कान लावून.

कस्टमचा एक उंचापुरा, पिकल्या मिशांचा अधिकारी. नाक लालबुंद, हातात रुमाल. त्याने बॅग उघडली तर वर झबली, खाली दगड, आणि दगडाभोवती वाळकी मुळं, वाकड्या शेंगा, तपकिरी गोळे. त्याने एकेक गाठ सोडून टेबलावर मांडली. मागे रांग थांबलेली. काचेपलीकडे सुधाकरराव टाचा उंचावून बघताहेत. निखिल भोकाड पसरून रडतोय. नलू दोन दिवस झोपलेली नाही.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

नलूला वेखंडाला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. मुरुडशेंगेला तर काही म्हणत असतील असंही वाटेना. ती म्हणाली, "साहेब, हा माझ्या बाळाचा हेल्थ इन्शुरन्स आहे. त्याचं कार्ड सुरू होईपर्यंतचा. त्याच्या आजीने दिलाय."

अधिकाऱ्याने वेखंडाचा तुकडा उचलला, नाकाजवळ नेला आणि लांब श्वास घेतला. एक सणसणीत शिंक आली. रुमालाने नाक पुसलं. सगळ्या गाठी, जशा होत्या तशा, परत बांधल्या. सहाण दोन्ही हातांनी उचलून बॅगेत ठेवली, वरून झबली पसरली, चेन लावली.

आणि टेबलावरून पुढे वाकून, मागच्या रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याने नलूला विचारलं, "बाई, मोठ्या माणसांना चालतं का हे?"