पत्तीचा हात

सरांनी माझ्या हातातलं गिटारचं पिक काढून घेतलं. मागितलं नाही. काढून घेतलं. चिमटीत धरून खिडकीच्या उजेडाकडं केलं, उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, "हे कशाचं आहे?"

मी सांगितलं, तेलाच्या कॅनचं. वडील कापून देतात.

वर्गातली पोरं-पोरी हसली. सर हसले नाहीत. कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या बादलीपर्यंत चालत गेले. पिक तिच्यात टाकलं. खिशातून रुमाल काढला, बोटं पुसली. मग परत येऊन म्हणाले, "ही वरात नाही. बेस बोटांनी वाजवायचा असतो."

पिक टाकलं त्याचं मला एवढं लागलं नाही. बोटं पुसली त्याचं लागलं.

बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्यात ती चटकन ओळखू येत नाही, पण काढून घेतली की गाणं पोकळ वाटतं. ती दोन तऱ्हांनी वाजवतात. उजव्या हाताच्या दोन बोटांनी, आळीपाळीनं. नाहीतर पिकनं, म्हणजे प्लॅस्टिकच्या लहानशा तिकोनी तुकड्यानं. बोटांचा आवाज गोल, मऊ. पिकचा आवाज कडक, अंगावर येणारा. जगात दोन्ही चालतात, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की बोटं चांगल्या घरची आणि पिक आमच्या घरचं.

आमचं घर फुलंब्रीच्या अलीकडं, मातंग वस्तीत. आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, बेंजो पार्टी आहे. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळांचं वाद्य. डाव्या हातानं कळा दाबायच्या, उजव्या हातातल्या पत्तीनं तारा छेडायच्या. आबा पिकला पत्ती म्हणतात. विकतची पत्ती घामानं निसटते, म्हणून ते तेलाच्या रिकाम्या कॅनची कापतात आणि उंबऱ्याच्या दगडावर घासून तिच्या कडा गोल करतात. आमच्या घरात सांडशी जिथं असायची तिथंच, चुलीमागच्या फळीवर, पत्त्यांची वाटी असायची.

लग्नसराईत आबांना घरी बसायला सवड नसते. वरात निघाली की जनरेटरच्या गाडीवर उभं राहून वाजवतात. पुढं पाटलांची पोरं घामानं भिजून नाचतात, फेटे उडवतात, अजून एक, अजून एक म्हणून ओरडतात. आणि जेवणाच्या पंगती उठल्या की पार्टीवाल्यांचं ताट गाडीपाशी आणून देतात. मांडवात या, असं म्हणत नाहीत. नका येऊ, असंही म्हणत नाहीत. ताट आणून देतात. मी लहानपणी आबांबरोबर एकदाच गेले होते. गाडीच्या चाकाला टेकून बुंदी खाल्ली होती. ती गोड लागली होती, हेच आज मला खटकतं.

पोरींनी वरातीत वाजवायचं नसतं. म्हणून मी घरात वाजवायचे. आबांचा जुना बेंजो, आबांची पत्ती. शहरात कॉलेजला आले तेव्हा तिथल्या संगीताच्या खोलीत एक बेस धूळ खात पडला होता. सगळ्यांना गायचं असायचं, नाहीतर साधी गिटार हवी असायची. बेसकडं कुणी बघत नव्हतं. मी दप्तरातून पत्ती काढली आणि त्याच्या सगळ्यात जाड तारेवर मारली. खोलीचं दार थरथरलं. माझं पोट थरथरलं. त्या दिवसापासून मी दुसऱ्या कुठल्या वाद्याकडं बघितलं नाही.

पुढं शिकवण्या घेऊन एक जुना बेस घेतला. ज्योतीनगरला सरांचा क्लास लावला. बंगल्याचा वरचा मजला, खिडक्यांना जाड पडदे, भिंतीवर सरांच्या आजोबांचा कोटातला फोटो. मी एसटीतून बेस घेऊन यायचे. बायकांना अर्धं तिकीट असतं, तर कंडक्टर रोज विचारायचा, "हिचंबी हाफ फाडू का?" मला त्याचा राग कधी आला नाही. तो हसायचा तेव्हा मीही हसायचे. सरांच्या वर्गातलं हसू वेगळं होतं. त्यात मला जागा नव्हती.

पिक कचऱ्यात गेलं त्या दिवशी मी बोटांनी वाजवायला बसले. दुसरं काय करणार होते? मला बेस शिकायचा होता आणि आमच्या भागात बेस शिकवणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं. घरी सांगितलं, पत्ती हरवली. आबांनी काही न विचारता दुसरी कापून दिली. ती बेसच्या कव्हरच्या खिशात ठेवून दिली आणि तिला हात लावला नाही.

बोटं फुटली. फोड आले, फुटले, परत आले. तिखटाला हात लागला की डोळ्यांत पाणी यायचं. आई म्हणाली, "वाजव बाई, पण भाकरी थापताना कुरकुर करू नको." आबा माझी बोटं बघायचे. हळूहळू कातडी जाड झाली. आवाज गोल यायला लागला. सर शिकवण्यात कमी नव्हते, ते मी नाकारणार नाही. ताल कसा धरायचा, कुठं वाजवायचं नाही, दोन सुरांच्या मधे गप्प कसं राहायचं, हे त्यांनीच शिकवलं. एक दिवस मी अख्खं गाणं बोटांनी वाजवलं. सरांनी टाळी वाजवली. म्हणाले, "शाब्बास. आता माणसात आलीस."

आणि मला आनंद झाला. एसटीत खिडकीला डोकं टेकून मी ते शब्द पुन्हा पुन्हा आठवत घरी गेले. आज ते लिहिताना अंगाचा तिळपापड होतो. म्हणजे त्याआधी मी कशात होते? आबा कशात आहेत?

मग सरांच्या ग्रुपनं एक गाणं करायचं ठरवलं. ग्रुपमध्ये सर स्वतः, गिटार वाजवणारा त्यांचा भाचा, एक गाणारी मुलगी, ड्रमवाला आणि मी. हल्ली मातीतलं काहीतरी करायची टूम आहे. सरांनाही मातीतलं हवं होतं. आणि त्यांनी काय निवडलं? वरातीचा ठेका. ज्या वरातीचं नाव घेऊन माझं पिक कचऱ्यात गेलं, तिचाच ठेका. त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडं नेमका कसा वाजवतात गं? मी वाजवून दाखवला. सगळ्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतला.

रेकॉर्डिंग सिडकोतल्या एका स्टुडिओत होतं. मी बोटांनी वाजवलं. नीट वाजवलं. पण ढोलकी आणि संबळ वाजायला लागले की माझा बेस त्यांच्याखाली दबून जायचा. रेकॉर्डिंग करणारा शहागंजातला माणूस होता, कामाशी काम. तो काचेपलीकडून म्हणाला, "मॅडम, पिक हय क्या? एक बार पिक से मारो ना."

मी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, बघ करून.

कव्हरच्या खिशातून आबांची पत्ती काढली. कितीतरी महिन्यांनी ती माझ्या अंगठ्याखाली आली. वाजवलं. पहिल्या चार मात्रांतच काचेपलीकडची मान हलायला लागली. भाच्यानं पायानं ठेका धरला. गाण्याला कणा आला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. सरच म्हणाले, "हेच पाहिजे होतं. आता मातीचा वास आला." तेच ठेवलं. मी पत्ती परत खिशात टाकली आणि मला वाटलं, चला, झालं. त्यांना कळलं.

काही कळलं नव्हतं.

व्हिडिओचं शूटिंग दौलताबादला ठेवलं. किल्ल्याच्या पायथ्याशी एक शेत होतं, मागं किल्ला दिसायचा. सकाळची वेळ, रस्त्यावर पेरूच्या गाड्या लागत होत्या. शूटिंगमध्ये खरं वाजवायचं नसतं. स्पीकरवर गाणं लावतात आणि आपण वाजवल्यासारखं करतो. मला पुढं उभं केलं होतं. मी नवा ड्रेस घातला होता. आबांना फोटो पाठवला होता.

कॅमेरेवाला माझ्या पत्ती धरलेल्या हाताजवळ आला तेव्हा सर धावत आले. हळू आवाजात बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"ते हातातलं काढ. बोटांनी वाजवल्यासारखं कर. आवाज तोच राहील, फक्त हात नीट दिसू दे."

मला आधी समजलंच नाही. मी म्हणाले, सर, हे पिकनंच वाजवलंय. तुम्हीच ठेवलं.

"ऐकणाऱ्याला कुठं कळतंय? बघणाऱ्याला कळतं. लोक म्हणतील, बेंजोवाली आणून उभी केली."

माझ्या डोळ्यांपुढं गाडीचं चाक आलं. बुंदीचं ताट आलं. आबा वाजवतात तोवर सगळे त्यांच्या सुरावर नाचतात आणि वाजवणं थांबलं की आबा गाडीमागं. माझं तसंच चाललं होतं. आवाज चालत होता. हात चालत नव्हता. आणि इथं तर ते मला माझ्याच हातानं माझा हात लपवायला सांगत होते. माझ्याच आवाजावर खोटी बोटं नाचवायची आणि कॅमेऱ्याकडं बघून हसायचं.

मी म्हणाले, "नाय."

फुलंब्रीचा नाय. क्लासमध्ये मी नेहमी नाही म्हणायचे, जपून, शुद्ध. त्या दिवशी घरचाच शब्द तोंडात आला आणि मी तो परत घेतला नाही.

सर चिडले. हिशेब मांडावा तसं सांगायला लागले, की मी कुठून आले, काय घेऊन आले, मला कुणी उभं केलं. मग भाच्याला हाक मारली आणि मला म्हणाले, "ठीक आहे. बेस याच्याकडं दे. हा उभा राहील."

भाचा पुढं आला. त्याचा चेहरा पडला होता, एवढं खरं. पण हात पुढं केलाच त्यानं. बेस माझा, आवाज माझा, ठेका आमच्या वस्तीचा. आणि वर त्याची बोटं.

हे गाणं माझं पहिलं गाणं होतं. ते सुटलं तर दुसरं मिळेल याची काही खात्री नव्हती, क्लास तर जाणारच होता. तरी मी बेसचा पट्टा धरला आणि म्हणाले,

"बेस मी देणार नाय. आवाज माझा पाहिजे असंल तर हातबी माझाच दिसंल. हात चालत नसंल तर माझं वाजवणं गाण्यातून काढून टाका. सगळं."

गाणारी मुलगी जमिनीकडं बघत होती. मी बेस कव्हरमध्ये घातला, चेन लावली, शेतातून रस्त्यावर आले. मागून कुणी हाक मारली नाही. मी मागं वळून बघितलंही नाही. पेरूवाल्या मावशीनं विचारलं, शूटिंग संपली का गं? म्हटलं, माझी संपली.

घरी आले तेव्हा आबा अंगणात बेंजोच्या तारा बदलत होते. मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून. कचऱ्याची बादली, रुमाल, हरवली म्हणून सांगितलेली पत्ती. आबांनी ऐकून घेतलं. रुमालाचं ऐकताना त्यांचा हात थांबला. मी वाट बघत होते, आता म्हणतील, मोठ्या लोकांच्या नादी लागू नको. ते म्हणाले, "पत्ती हाय ना संगं, माय?"

मी हाय म्हणाले. ते परत तार ओढायला लागले. बराच वेळ ते माझ्याकडं बघत नव्हते, पण मला त्यांचा राग दिसत होता. तो माझ्यावर नव्हता.

गाणं आलं. माझं वाजवणं काढलेलं होतं. बेस भाच्यानं बोटांनी वाजवलाय. चांगलं वाजवलंय, खोटं कशाला बोलू. माझं भांडण बोटांशी नाहीच. मीही बोटांनी वाजवते, संथ गाणं असलं की बोटांनीच. ती कला मी फोड फोडून मिळवलीय, ती कुणाच्या बापाची मेहरबानी नाही. पण बोटांनी वाजवलं की माणूस आणि पत्तीनं वाजवलं की बेंजोवाली, हे मी ऐकून घेणार नाही. आणि बेंजोवाली ही शिवी नाही. मी बेंजोवाल्याची पोरगी आहे.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. शहरात मोठा कार्यक्रम आहे. आयोजकांनी स्टुडिओतलं माझ्या पत्तीचं ते आधीचं रेकॉर्डिंग कुठून तरी ऐकलं होतं आणि त्यांना तोच बेस हवा होता. सरांचा आवाज गोड होता. म्हणाले, झालं गेलं सोड. पिकनं वाजव, माझी काही हरकत नाही. फक्त ड्रमच्या मागं उभी राहा. पुढं भाचा असेल.

गाडीपाशी ताट आणून देत होते.

मला राग आला. मी सांगितलं, "सर, मी येईन. पुढं उभी राहीन. पत्तीनं वाजवीन, तेलाच्या कॅनच्या. आणि लाईट माझ्या उजव्या हातावर पाहिजे. आबा पहिल्या रांगेत बसतील. यातलं एकबी कमी असंल तर येणार नाय."

ते म्हणाले, तू अटी घालतेस?

मी व्हय म्हणाले.

फोन कट झाला. परत आला नाही. येईल किंवा येणार नाही, मी त्याची वाट बघत नाही. सरांना दिलेल्या अटी आता सगळ्यांसाठी आहेत. कॉलेजात, गणपतीत, जयंतीत, मोठ्या हॉलमध्ये, जो कुणी बोलावील त्याला आधी हेच सांगते. आवाज हवा असेल तर हात दिसेल. लपवून वाजवणार नाही. आणि माझ्या हातातलं काढून घ्यायला पुन्हा कुणाचा हात पुढं आला, तर तो मी तिथंच धरीन.