वायर हातात घेऊन फोन करा

घागला कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की तो आधी घड्याळात बघायचा. बारा वाजून गेले असतील तर उत्तर द्यायचा नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. घाग चांगला ठणठणीत आहे, त्यामुळे मला मोकळीक आहे. समोर मी त्याला 'सर' म्हणायचे, मनात एकेरी. इथेही एकेरीच लिहिते.

मीरा रोडला एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस. काम ब्लॉकचेनचं. असं म्हटलं की सासूबाईंपासून सगळे 'म्हणजे ते बिटकॉइन का गं?' विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. जगभर हजारो मशीनं एकाच वहीच्या प्रती ठेवून बसलेली असतात. नवा व्यवहार आला की प्रत्येकाने तो आपापला तपासायचा आणि बरोबर असला तरच सही द्यायची. पुरेशा सह्या जुळल्या की व्यवहार पक्का. वर कुणी साहेब नाही आणि कुणी कुणाच्या शब्दावर चालत नाही. त्या हजारांतलं एक मशीन आमचं होतं.

त्या मशीनचा प्रमुख घाग. आधी कुठल्याशा सहकारी बँकेत चेकवरच्या सह्या जुळवायचा, पन्नाशीत हे नवं शिकला. एक तर स्वभाव संशयी, त्यात कामच संशयाचं. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला.

एकदा मुलीला ताप आला म्हणून मी रजा मागितली.

"किती आहे?" घाग म्हणाला.

"एकशे दोन."

"तुम्ही मोजला?"

"नाही, मिस्टरांनी."

"मग तुम्हाला ठाऊक नाही, राणेबाई. तुम्हाला कुणीतरी सांगितलंय."

रजा दिली त्याने, पण हे ऐकवून दिली. घरी जाईपर्यंत मी रिक्षात एकटीच बडबडत होते. 'कानाने सही होत नाही' हे त्याचं लाडकं वाक्य. दिवसातून चारदा तरी म्हणायचा, आणि दर वेळी जणू आपल्याला आत्ताच सुचलंय अशा चेहऱ्याने.

माझी खरी आग वेगळ्या कारणाने होती. मुलीसाठी मी सात वर्षं घरी बसले होते. त्यानंतर पंधरा ठिकाणी अर्ज करून मिळालेली ही पहिली नोकरी. सहा महिन्यांनी कायम करायची बोली होती, पण पत्रावर घागची सही लागायची. अकरा महिने झाले तरी सही नाही. मालक हितेशभाई भला माणूस, पण तोही हात वर करायचा. "बेन, घागसाहेब जोपर्यंत बोलत नाय, मी काय करू?" शेवटी मीच विचारलं, सर, माझ्या कामात काय कमी आहे?

"कमी काही दिसलं नाही," तो म्हणाला. "पण पुरेसं बघितलेलं नाही."

तुझा मुडदा बसवला, मी मनात म्हटलं आणि जागेवर जाऊन बसले.

आता त्या दिवसाचं सांगते. आमच्याकडे मशीनं दोन होती. मुख्य मशीन भाईंदरच्या औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्यात. दुसरं ऑफिसात, गरज पडलीच तर म्हणून. दोघांची सही एकच. त्यामुळे एक चालू असताना दुसरं चालू करायचं नाही, हा पहिला नियम. एकाच नावाने दोन ठिकाणांहून सही झाली तर ते जाळं तुम्हाला लबाड समजतं, हमी म्हणून भरलेली ठेव कापतं आणि कायमचं बाहेर काढतं. चुकून झालं वगैरे ऐकायला तिथे कुणी नसतं. मशीन बंद पडलं तर त्यामानाने दंड अगदी किरकोळ. म्हणून घागची पद्धत अशी: पडद्यावर मुख्य मशीन दिसेनासं झालं की एकाने भाईंदरला जायचं, मशीनची वायर स्वतः उपटायची, ती हातात घेऊन फोन करायचा. मगच तो इथलं मशीन सुरू करणार. पुरावा म्हणून व्हिडिओही दाखवायला लावायचा. आम्ही त्यावरून त्याची पोटभर टिंगल करायचो.

शुक्रवारी अकराच्या सुमारास मुख्य मशीन दिसेनासं झालं. मी निघाले. रिक्षा पुलाच्या अलीकडे अडकली ती अडकलीच. एका ट्रकचा ॲक्सल तुटला होता. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. दर दोन मिनिटांनी हितेशभाईंचा मेसेज, 'पोचला काय?' मी वसाहतीच्या वॉचमनला फोन लावला. तो म्हणाला, "सब बंद है मॅडम, लाइटच नहीं है. पूरा अंधेरा." झालं की. लाइट नाही म्हणजे मशीन बंद, हे शेंबडं पोरही सांगेल. मी घागला फोन केला.

"सर, वायर हातात आहे."

"बघितलंत?"

"बघितलं."

मी व्हिडिओसाठी काय थाप मारायची याच्या तयारीत होते. पण त्याने मागितलाच नाही. "ठीक आहे," म्हणाला आणि फोन ठेवला.

लाइट गेली होती हे खरं. पण मशीन बॅटरीवर जिवंत होतं, फक्त इंटरनेट गेलं होतं. मी गाळ्यापर्यंत पोचले तोवर ते परत आलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि मीरा रोडचं मशीनही सह्या करत होतं. मी झटकन वायर उपटली. उशीर झाला होता. चार वर्षं चालवलेलं आमचं नाव कायमचं बाद झालं.

संध्याकाळी घागने हितेशभाईंना दोन ओळींचा कागद दिला. 'दुसरं मशीन मी सुरू केलं. पहिलं बंद असल्याचं मी पाहिलं नव्हतं.' खाली सही. माझं नाव कुठेच नाही. डबा उचलला आणि गेला तो कायमचा. सोमवारी हितेशभाईंनी माझ्या हातात कायम झाल्याचं पत्र ठेवलं. घागने शुक्रवारी सकाळीच, हे सगळं व्हायच्या आधी, सही करून त्यांच्याकडे दिलं होतं. "आता नवीन नावाने सगळं चालू करायचं, अने इन्चार्ज तमे," ते म्हणाले. मी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं.

तीन आठवडे मला जेवण गेलं नाही. आणि राग, तोही त्याचाच. शिव्या द्यायच्या होत्या तर द्यायच्यास, माझं नाव लिहायचं होतंस. माझ्या खोटेपणालाही या माणसाने जमेस धरलं नाही. मला वाचवलं की मला मोजलंच नाही, हे कळायला मार्ग नव्हता. शेवटी एका रविवारी बस पकडून चेण्याला त्याच्या घरी गेले.

तो अंगणात पाण्याच्या मोटरचं झाकण उघडून बसला होता. बसा म्हणाला नाही. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. सर, मी त्या दिवशी गाळ्यात नव्हतेच. वॉचमनने सांगितलं तेच मी तुम्हाला सांगितलं.

"फोनमध्ये हॉर्न ऐकू येत होते," घाग म्हणाला. "गाळ्यात हॉर्न कुठून येणार?"

"मग तुम्ही मशीन चालू का केलंत?"

त्याने हातातला स्क्रू पुसून बाजूला ठेवला.

"त्या दिवशी मी दोन गोष्टी पुरत्या न बघता केल्या, राणेबाई. मशीन दुसरी. पहिली तुमच्या पत्रावरची सही. सकाळी तुमच्यावर सही केली आणि तासा-दोन तासांत तुम्हालाच व्हिडिओ मागायचा? मला लाज वाटली."

सॉरी सर, मी म्हटलं. त्याने झाकण बसवलं, मोटर सुरू करून पाहिली.

"असेल," तो म्हणाला. "पण ते मी कसं तपासू?"

आणि आत गेला. पाणीसुद्धा विचारलं नाही मेल्याने. परतीच्या बसमध्ये मी रडले, ते त्याच्यासाठी नव्हे, एवढं लिहून ठेवते.

सोमवारी मी हितेशभाईंना सगळं खरं सांगितलं आणि ते पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी थांबवलं नाही. आता परत अर्ज करतेय. घागला हे कळवलेलं नाही. कळवलं असतं तरी त्याने विश्वास ठेवला नसता.