शालूबाईची किटली आणि बिनमालकाची टेबलं

शालूबाई दारातच थबकली. एक पाय आत, एक पाय बाहेर, हातातली पिशवी तशीच. आपण चुकून शेजारच्या कारखान्यात शिरलो की काय, असं तिला वाटलं. पण दाराशी वॉचमन तोच होता, आणि मेला हसत होता.

"आत जावा की मावशी. आपलंच हाय."

"आपलं? मग भिंती कुठं गेल्या?"

उद्यमनगरातल्या ह्या पंपाच्या कारखान्यात, हापिसातल्या चौदा माणसांना शालूबाई बावीस वर्षं चहा करून देत होती. आषाढात धाकटे मालक राजवर्धन म्हणाले, "मावशी, हापिस नवं करणार हाय. दोन महिनं घरी ऱ्हावा." ती राहिली. नवं म्हणजे रंग काढतील, पंखे बदलतील, एवढाच तिचा अंदाज. आणि आज, गणपतीच्या आदल्या दिवशी येऊन बघते, तर सगळं हापिस म्हणजे एक मोकळं मैदान! वरचं छत उघडं, पाइप आणि वायरी लोंबतायत. तिला वाटलं, काम अर्धंच राहिलंय. तर म्हणे, असंच ठेवायचं असतं. भिंतीला गवत चिकटवलेलं, तेही प्लास्टिकचं. कोपऱ्यात रंगीत पोती टाकलेली. ती उचलून गोदामात नेऊन टाकावीत म्हणून शालूबाईनं एक ओढलं, तशी अवंतिका म्याडम धावत आली. हे सगळं तिनंच पुण्यात बसून कागदावर काढलेलं.

"अहो मावशी, ती बसायची आहेत!"

"पोत्यावर? खुर्च्या संपल्या व्हय गावातल्या?"

पुढं चार पावलं गेली, तर काय! ड्रॉइंग काढणारा जोतीराम एका काचेच्या कपाटात उभा होता. दार बंद. हात हलवतोय, तोंड उघडतंय, मिटतंय, आवाज काही बाहेर येत नाही. पोरगं कोंडलं! शालूबाईनं पिशवी टाकली आणि दोन्ही हातांनी दार असं ओढलं, की जोतीरामच्या हातातला फोन खाली पडला.

"मावशी! गिऱ्हाईक हाय की फोनवर!"

"मग भाईर बोल की! कपाटात कशाला शिरलास?"

तर ते कपाट म्हणे फोनवर बोलायला. मोकळ्या हापिसात दुसऱ्याला त्रास नको म्हणून. आधी भिंती पाडायच्या, आणि मग बोलायला कपाट करायचं. शालूबाईनं कपाळाला हात लावला.

माल पाठवायचं काम बघणारे वसंतराव तर उभेच होते. टेबल छातीपर्यंत वर आलेलं, आणि ते शाळेतल्या पोरागत त्याच्यापुढं उभं राहून कामात.

"काय चुकलं हो वसंतराव? उभं केलंय ते?"

"बटण दाबलं की वर येतंय. पाठीला बरं असतंय म्हणं," वसंतराव बारीक आवाजात म्हणाले. "खाली कसं करायचं ते ठावं न्हाय."

इथवर शालूबाई हसून घेत होती. पण दुपारी कळलं ते ऐकून तिचं हसूच गेलं. ह्या हापिसात आता टेबल कुणाचंच नव्हतं. सकाळी जो येईल त्यानं दिसेल तिथं बसायचं. संध्याकाळी सगळं आवरून कपाटाच्या खणात टाकायचं, उद्या दुसरीकडं. धाकट्या मालकांनी स्वतःची केबिनसुद्धा काढून टाकली होती.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात शालूबाईचं काय गेलं? तिचं सगळंच गेलं. किटलीत चहा बिनसाखरेचा असायचा. चहाच्या खोलीत ती कपाकपात ज्याची त्याची साखर घालायची, आलं, दूध कमीजास्त करायची, आणि कप ट्रेमध्ये टेबलांच्या रांगेनं मांडायची. पहिला कप खिडकीकडच्या टेबलाचा, बिनसाखरेचा, वसंतरावांचा. शेवटचा दाराजवळचा, दोन चमचे साखरेचा, जोतीरामचा. मग वर मान न करता ठेवत जायचं. बावीस वर्षांत एक कप चुकला नव्हता. आता माणसं हुडकत फिरायचं. कोण पोत्यावर, कोण कपाटात. ह्याला दे, त्याला दे, मागं फीर, तेवढ्यात ट्रेमधली रांग मोडायची. सगळे कप सारखे. कुठला कुणाचा, देवालाच माहीत.

आठवड्याभरात व्हायचं ते झालंच. जोतीरामचे दोन चमचे वसंतरावांपुढं गेले, एकदा नाही, तीन दिवस. वसंतराव कामाच्या नादात पिऊन मोकळे. रक्त तपासलं तर साखर वर चढलेली, आणि घरून त्यांच्या बायकोचा, कालिंदीबाईंचा फोन थेट मालकांना.

राजवर्धननी शालूबाईला बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मावशी, कोण कुठं बसलंय ते मोबाइलवर दिसतंय की."

"माझ्या मोबाइलवर हिरवं बटण आणि तांबडं बटण, एवढंच दिसतंय धाकटं मालक."

त्यांनी हातातला मोबाइल खिशात टाकला. "दसऱ्याला मशीन येतंय चहाचं. ज्यानं त्यानं बटण दाबून घ्यायचं. तोवर बघूया, चुका थांबल्या तर. न्हाय थांबल्या, तर तुम्हीबी आता आराम करा की."

आराम! घरी कोण होतं तिच्या? नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, लेक आजऱ्याला दिलेली. पहाटे डोळा उघडायचा तो ह्या चौदा कपांसाठी. आराम करायचा म्हणजे छताकडं बघत बसायचं.

पितृपंधरवडा गेला, घट बसले. रोज एखादा कप चुकतच होता. एकदा तर अवंतिका म्याडमचा बिनदुधाचा चहा वॉचमनला गेला, आणि त्यानं तो औषध म्हणून प्यायला.

खंडेनवमी उजाडली. खाली कारखान्यात मशिनी धुऊन, हार घालून नवरीसारख्या नटल्या होत्या. हापिसातली माणसंही नेहमीसारखी हार, हळदकुंकू घेऊन आली. आणि आत येऊन सगळी उभीच राहिली. हार घालायचा कशाला?

"काल मी नऊ नंबरला हुतो," जोतीराम म्हणाला.

"आणि आज मी हाय तिथं. म्हणून ते माझं हुतंय व्हय?" दुसरा म्हणाला.

जोतीरामनं लॅपटॉपला हार घालून बघितला, तर त्याचं झाकण लागेना. वसंतराव तर हातात हार धरून, नवरी अजून मांडवात यायची असल्यागत उभे. सव्वीस वर्षं त्यांनी खिडकीकडच्या त्या लाकडी टेबलाची पूजा केलेली. ते भंगारात गेलं होतं. त्यांचे डोळे भरले, आणि एवढा मोठा माणूस कुठं जायचं ते न कळून सरळ चहाच्या खोलीत आला.

चार पावलांची ती खोली तेवढी कुणी मोडली नव्हती. आतलं शालूबाईचं स्टूलही जागच्या जागी. शालूबाईनं शेगडी घासून ठेवली होती, गाळणीला कुंकू लावलं होतं, किटलीला दोन झेंडूची फुलं. कोपऱ्यात कालच आलेलं नवं मशीन खोक्यातच होतं. आपल्या मुळावर आलेलं, पण नवमीला हत्याराला उपाशी ठेवायचं कसं, म्हणून तिनं खोक्यालाही कुंकवाचं बोट लावलं होतं.

वसंतराव पुढं झाले. त्यांनी हार किटलीला घातला.

"अवो, हे काय करताय?" शालूबाई दचकलीच.

"ह्या हापिसात हिचीच जागा ठरलेली हाय," ते म्हणाले.

मागोमाग जोतीराम आला, मग बाकीचे. किटली हारांखाली दिसेनाशी झाली. एवढी माणसं दारात उभी, मग शालूबाईनं हार बाजूला करून तिथंच चहा ओतायला घेतला. तोंड बघायचं, साखर घालायची, हातात द्यायचा. चौदा कप गेले. एकही चुकला नाही. शेवटचा कप दिल्यावर तिच्या ध्यानात आलं, तशी तीच गार पडली. माणसं हुडकत फिरायचं कशाला, त्यांनीच इथं यायचं! एवढ्या दिवसांत हे कसं सुचलं नाही बाई!

बाहेरून राजवर्धन आले. त्यांच्याही हातात हार होता, आणि त्यांचीही केबिन नव्हती. सोबत फोटो काढायला अवंतिका म्याडम. तिची पोती रिकामी, हिरवी भिंत एकटी, आणि सगळं हापिस चार पावलांच्या खोलीत कोंबून मोठमोठ्यानं हसतंय.

"ह्यांनी एकत्र यावं म्हणून तर मी तिकडं एवढं सगळं केलं," ती तोंडाला हात लावून म्हणाली.

राजवर्धननी शेवटचा हार किटलीवर ठेवला. "माझा चहा मावशी?"

"आलं जादा, साय काढून. पंधरा वर्सं तसाच पिताय की."

त्यांनी एक घोट घेतला. "मशीन पुढं ठेवूया, पावण्यांसाठी. तुम्ही ट्रे घेऊन फिरू नका. ज्याला पायजे तो हितं येईल."

शालूबाईचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच अवंतिका म्याडम खोलीवर नजर फिरवून म्हणाली, "मग ही भिंत काढावी लागेल."

"हीबी?" शालूबाई जवळजवळ ओरडलीच. "काढा बाई, काढा. पण माझं स्टूल कुणाचंबी न्हाय हं! ते माझं!"

सगळे खो खो हसले. तिनं हसण्यावारी नेलं नाही. किटलीवरचा एक हार काढून तिनं स्टुलाच्या पायाला दोन वेढे देऊन घट्ट बांधला, आणि त्यावर बसूनच स्वतःचा कप भरला.