फोटो धुवायचं पाणी

त्या वर्षी लातूरला जिल्ह्याचा मान मिळाला; पाणी तेवढं मिळायचं राहिलं. कलेक्टर आले, लाल दिव्याची गाडी आली, विहिरी मात्र तळ दाखवत बसल्या.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. (म्हणजे पोरांना झोपवायचो.) माझ्या आजोबांचा एकही फोटो घरात नव्हता, याचं मला खरंच वाईट वाटायचं. वडील, म्हणजे अप्पा, सत्तरी ओलांडलेले. निदान त्यांचा चेहरा तरी माझ्या नातवंडांना कळलाच पाहिजे! म्हणून लातुरातला फोटोवाला गाठला.

"काढतो की मास्तर. पण धुवायला घागरभर पाणी तुमचं तुम्ही आणा. औषध नीट धुऊन न्हाई निघालं तर सालभरात तोंडं पिवळी पडतेत बघा."

झालं! औशाजवळच्या आमच्या गावाहून वरात निघाली: अप्पा, बायको, दोन पोरी, एक तांब्या आणि माझ्या मांडीवर भरलेली घागर. एसटीत मी बजावलं, "हे पाणी न्हाई, आपला इतिहास हाय! कुणी हात लावायचा न्हाई."

पहिला हात अप्पांनी लावला. "घामानं कपाळाचं भस्म गेलं की रे! उघड्या कपाळानं फोटो काढू काय?" वडिलांना नाही कसं म्हणणार? दोन तांबे गेले.

मग बायको. "अहो, फोटो धुवायचा आन् पोरींची तोंडं तशीच?" (मुद्दा बिनतोड होता.) आणखी तीन तांबे. तेवढ्यात शेजारच्या सीटवरच्या म्हातारीला भोवळ आली. तिला तर पाजावंच लागलं.

स्टँडवर उतरलो तेव्हा तळाशी दोनेक तांबे उरले होते. सगळ्यांवर ओरडून घसा माझाच कोरडा पडलेला. म्हटलं, घोटभर घेतल्यानं काय इतिहास बुडतोय! किती घोट झाले, ते मोजायची शुद्ध कुणाला होती?

फोटोवाल्यानं घागरीत वाकून पाहिलं. "मास्तर, ह्याच्यात अप्पांची एका बाजूची मिशी धुऊन होईल!"

फोटो मात्र देखणा आला. वर्षभर मिरवला. मग कोपऱ्यातून पिवळा डाग निघाला, तो पोरींवरून, बायकोवरून सरकत थेट अप्पांच्या तोंडावर जाऊन बसला. अप्पा गेले, हार घालायला फ्रेम उतरवली, तर आत नुसता चहाचा रंग. त्या दिवशी मी दोनदा रडलो.

परवा नातीला सांगत होतो, "हे तुझे पणजोबा. अशी भरघोस मिशी..."

तिनं आधी डागाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"ठाऊक हाय, आजोबा. आईनं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"तुम्हीच पिऊन टाकलं न्हवं त्यांना?"