कमरेला खोचलेला वर्ग

योगिनी गांगुर्डे ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करते. नाशिकच्या एका लहान संस्थेत. मी तिच्या हाताखाली पाठ लिहितो. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तरी आमची मैत्री आहे. मराठीत एम.ए. होऊन मी वर्षभर घरी बसलो होतो. तिनेच बोलावून घेतलं.

गेल्या वर्षी आम्ही द्राक्षबागेतल्या बायकांसाठी छाटणीचा अभ्यासक्रम केला. दिंडोरीकडे कात्री बहुधा गड्यांच्या हातात असते. कुसाबाईंना ती हवी होती. बागायतदार खंडेराव त्यांना म्हणाले होते, "परीक्षा पास हो. ऑक्टोबरची छाटणी तुझ्या टोळीला देतो."

कुसाबाई दोनदा नापास झाल्या. तिसऱ्या पाठावरच. आता एकच संधी उरली होती.

"पाठ तर सोपा आहे," मी म्हणालो. लिहिला मीच होता. आवाजही माझाच.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन योगिनी बागेत गेली आणि बायकांबरोबर शेंडे खुडायला उभी राहिली.

"ताई, मांडव पुरंना का तुला? टाचा वर कर की!"

एकजण तिला म्हणाली, तशा बाया हसल्या. सगळ्यांचे दोन्ही हात वर, मांडवात. कुसाबाईंचा फोन कमरेला खोचलेला. त्यातून मी बोलत होतो, "इथे पाहा. आता असा काप घ्या."

"हा बाबा सारखा म्हणतो, इथं पाहा," कुसाबाई म्हणाल्या. "कुठं पाहू? हात मोकळा नाय. घरी गेलं की फोन नवऱ्याकडं."

मी मान खाली घातली. योगिनीने मी कोण ते सांगितलं नाही.

भाकरी खाताना तिने कुसाबाईंना विचारलं, "शेंडे खुडायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

"सासूनं. हात धरून. बुडाला बोट ठेव म्हणायची, आन् पानं मोजीत वर जा."

आम्ही पाठ तसाच नव्याने लिहिला. काडीच्या बुडाला अंगठा लाव. एकेक डोळा, म्हणजे कोंब फुटायची गाठ, चाचपत वर जा. सहावा लागला की त्याच्या जरा पुढे कात्री. डोळे मिटूनही कळेल असं प्रत्येक वाक्य. मी खूश झालो.

"आणि भाग्यश्री?" योगिनीने विचारलं.

टोळीतल्या भाग्यश्रीला ऐकू येत नाही. दिवसभर तिच्या शेजारी उभा राहून मला ते समजलं नव्हतं. तिच्यासाठी नुसत्या हातांची चित्रं केली. परीक्षेत सगळ्यांनाच लिहिण्याऐवजी कापलेल्या काडीचा फोटोही चालेल, असं ठरवलं.

संस्थेच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, "आधीचा पाठ कुणी लिहिला होता?"

"आम्ही," योगिनी म्हणाली. माझी नोकरी टिकली.

सप्टेंबरअखेर कुसाबाईंनी परीक्षेचा फोटो पाठवला. काडी थोडी अंधुक, शेजारी मातीने भरलेला अंगठा. योगिनीने डोळे दोनदा मोजले. सहा. काप स्वच्छ. तिने फोन लावला.

"कुसाबाई, पास झालात."

"थांब ताई, आधी टोळीला सांगते," आणि फोन बंद.

योगिनी कितीतरी वेळ फोन हातात धरून हसत बसली.