दुखलं की बसायचं

हे मी लिहिणारच नव्हते खरं तर. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण काल आमच्या शेजारचे मास्तर जिन्यात बसलेले दिसले. मी विचारलं, "पाय दुखतोय का?" तर म्हणाले, "नाही ना, तेच तर." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जाईना.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बसमधले. कंडक्टर. अख्खी नोकरी उभ्याने काढली. "पुढे सरका, पुढे जागा आहे," म्हणता म्हणता हयात गेली. मग रिटायर झाले, मग बायको गेली, आणि मुलगा तर आधीच लांब गेलेला. तो रविवारी फोन करतो, "बाबा, जेवलात का?" विचारतो, मास्तर "हो" म्हणतात आणि पुढे दोघांनाही काही सुचत नाही.

त्यात डावी पोटरी दुखायला लागली. थोडं चाललं की आतून कोणी पिळतंय असं व्हायचं, थांबलं की आपोआप सुटायचं. भर रस्त्यात थांबायची लाज, म्हणून मास्तर दुकानांच्या काचांमध्ये बघत उभे राहायचे. एकदा बायकांच्या चपलांच्या दुकानासमोर इतका वेळ उभे राहिले, की दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "काका, कोणासाठी बघताय?" त्या दिवसापासून मास्तरांनी बाहेर पडणंच सोडलं.

शेवटी हॉस्पिटल. डॉक्टरांनी दंडाचं प्रेशर घेतलं, मग घोट्याचं घेतलं. घोट्याचं फारच कमी. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, म्हणाले. तिथे नेमका याच आजारावर एक अभ्यास चालू होता. निम्मे पेशंट हॉस्पिटलात येऊन सरकत्या पट्ट्यावर चालणार, निम्मे आपापल्या घराजवळ चालणार, आणि कोणाला जास्त गुण येतो ते बघणार. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार. मास्तरांच्या वाट्याला पट्टा आला.

तिथल्या फिजिओ ताईने नियम सांगितला. जरा दुखलं की लगेच उतरायचं नाही. अगदी सहन होईना, तेव्हा उतरून बाकावर बसायचं. दुखणं गेलं की परत चढायचं.

"जन्मभर लोकांना पुढे सरकवलं," मास्तर पट्ट्यावर धापा टाकत म्हणाले, "आणि आता कितीही चाला, माणूस आहे तिथेच."

"मग तिकिटाचे पैसे परत मागा," शेजारच्या पट्ट्यावरून आवाज आला.

ते वेल्डर. हातभर ठिणग्यांचे डाग, आवाज घोगरा, उजवा पाय खराब. दोघं जवळजवळ एकदमच बाकावर येऊन बसले. आपापली पोटरी चोळत गप्पा सुरू झाल्या.

"मुलगा काय म्हणतो तुमचा?" वेल्डरने विचारलं.

"जेवलात का म्हणतो."

"नशीबवान आहात. माझी मुलगी गोळ्या घेतल्या का विचारते."

मास्तर हसले. किती दिवसांनी हसले ते त्यांनाच आठवेना. मग तसंच सुरू झालं. एक उतरला की दुसऱ्याचंही लगोलग दुखायचं. फिजिओ ओरडायची, "अहो, तुम्हा दोघांच्या पायांचं काही ठरलंय का आपसात?" वेल्डर म्हणायचे, "युनियन आहे आमची."

पण चालून चालून मास्तरांचा पाय खरंच सुधारला. दुखणं उशिरा येऊ लागलं आणि बाक दुरावला. मग ते आधीच उतरायला लागले, तोंड वेडंवाकडं करून.

आणि एक दिवस वेल्डर आलेच नाहीत. पुढच्या वेळीही नाहीत. मास्तर एकटेच बाकावर बसायचे, दाराकडे बघत. फिजिओला विचारलं तर ती म्हणाली, "पेशंटचं मला सांगता येत नाही हो मास्तर." त्यांच्याकडे ना वेल्डरचा नंबर, ना पत्ता. हा अभ्यास संपला की तो माणूस कायमचा गेला, एवढंच त्यांना कळत होतं.

म्हणून शेवटच्या चाचणीला त्यांनी लबाडी केली. लांब पॅसेजमध्ये सहा मिनिटांत किती चालता ते मोजायचं होतं. मास्तर अर्ध्यातच थांबले. सुधारणा नाही म्हटल्यावर अजून काही दिवस बोलावतील, आणि तोवर वेल्डर येतील, असा त्यांचा हिशोब. चाचणी घेणारा डॉक्टर अनोळखी होता, त्याने आकडा लिहून घेतला. पण फिजिओ दारातून बघत होती.

"मास्तर, तुमचा डावा दुखतो ना? मग उजवा का चोळताय?"

मास्तरांना धरणी दुभंगावी असं झालं.

ती शेजारी येऊन बसली. आवाज चढवला नाही. "याच आकड्यांवर ठरणार आहे, पुढच्या पेशंटना चालायला लावायचं की नाही. तुम्ही खोटं थांबलात, तर चालून उपयोग नाही असं लिहिलं जाईल."

"मी बरा झालो तर बसू कुठे?" मास्तर म्हणाले.

मग मास्तर स्वतः उठले आणि डॉक्टरला सगळं सांगून आले. दुसऱ्या दिवशी चाचणी परत झाली. वेळ संपल्यावर डॉक्टरलाच त्यांना थांबा म्हणावं लागलं.

निघताना फिजिओने त्यांना बाजूला घेतलं. तिने वेल्डरला फोन करून, विचारून, पत्ता आणला होता. निरोपही होता, "फोन नको म्हणावं, फोनवर नुसतं जेवलात का होतं. घरीच या."

आणि मास्तर गेले नाहीत. उद्या जाऊ, परवा जाऊ. जाऊन बोलायचं काय? बाकावर कसं, दुखायचं म्हणून बसायचे. आता दुखत नसताना कोणाच्या शेजारी जाऊन बसायचं म्हणजे काय सांगायचं? असे किती दिवस गेले. पत्ता खिशात घामाने मऊ पडला.

काल सकाळी गेले एकदाचे. चालत. दाराला कुलूप. शेजारच्या बाई बाहेर आल्या.

"परवाच मुलगी घेऊन गेली. पाय फार बिघडला होता त्यांचा. तुम्ही ते कंडक्टर का?"

"हो."

"रोज खिडकीत बसायचे. मी म्हटलं, येतोय कुठला तो. तर म्हणायचे, अहो, पायाने अधू आहे बिचारा, थांबत थांबत येतो, उशीर होणारच."

मास्तर अख्ख्या रस्त्यात एकदाही थांबले नव्हते.

मुलीच्या गावाचं नाव बाईंना माहीत नव्हतं. सोमवारी मास्तर पुन्हा फिजिओला विचारायला जाणार आहेत. जिन्यात हे सांगताना ते आपली पोटरी चोळत होते, बरी झालेली. मी नुसती शेजारी बसले.

वाचताना तुमच्या डोक्यात कोणीतरी आलंच असेल. त्यांना फोन नका करू. जा. काय बोलायचं ते तिथे गेल्यावर सुचेल, नाही सुचलं तर नुसते बसा. पण लवकर जा.